छत्तीसपैकी एकशे एक्क्याऐंशी

पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम लिहायला भौतिकशास्त्राच्या पदवीधराला एक दुपार पुरते! हे विधान मी आमच्या ओट्यावर, बाबांकडे आलेली माणसं चहा पीत असताना केलं. आवाज मात्र चढवला नाही. सिद्ध करून दाखवता येईल अशा गोष्टीला आवाज लागत नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

बाबा म्हणजे बंडोपंत. हिंगोलीतल्या एका मंदिराची पूजा त्यांच्याकडे आहे आणि दुपारनंतर ते पत्रिका बघतात. कनेरगाव नाक्यापासून पार हट्ट्यापर्यंतच्या गावांतली माणसं त्यांच्याकडे येतात. मुलाची आणि मुलीची पत्रिका समोर ठेवायची, आठ गोष्टींचे गुण वेगवेगळे काढायचे आणि बेरीज करायची. सगळे मिळून छत्तीस. अठरा आले की पास, त्याच्या खाली आले की दुसरं स्थळ बघा. बाबांना हे सगळं करायला पंचांग, चष्मा आणि शांतता लागते. तिसरी गोष्ट आमच्या घरात मिळत नाही, म्हणून त्यांना वेळ लागायचा.

मी तेव्हा व्हिडिओ बघून पीएचपी शिकत होतो. वेबसाइटच्या पोटात बसून हिशेब करणारी ही भाषा. शिकलेलं वापरून बघायला काहीतरी हवं होतं. आई, म्हणजे सरलाबाई, तेवढी म्हणाली की लोकांच्या लेकरांच्या लग्नांवर काहून प्रयोग करून राहिलास, आपल्या घरच्या किराण्यावर कर. पण किराण्यात नक्षत्रं नसतात.

दुपार एक लागली नाही, जरा जास्त लागल्या. पण प्रोग्रॅम झाला. दोघांची जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकलं की एक सुबक कागद छापून यायचा: वर गणपती, खाली दोघांची नावं, मधे एक चौकट आणि चौकटीत गुण. बाबांनी पहिले काही दिवस प्रत्येक उत्तर हातानं तपासलं. मग एकदा तपासलं नाही. मग कधीच तपासलं नाही आणि चहा गरम असताना प्यायला लागले.

एकच अडचण होती. आठांपैकी काही गोष्टींना अर्धा गुण मिळतो. त्यामुळे बेरीज कधीकधी साडेबावीस, साडेएकोणतीस अशी यायची, आणि मी काढलेल्या चौकटीत दशांशचिन्ह बरोबर रेघेवर बसायचं. गणपतीखाली ते फार वाईट दिसायचं. पीएचपीत यावर तयार उपाय असतो. त्याचं नाव राउंड. कोणतीही संख्या त्याच्या कंसात टाकली की तो जवळचा पूर्णांक देतो. बरोबर अर्धं असेल तर वरचा देतो. हे शेवटचं वाक्य मी वाचलं होतं. वाचलं आणि पुढे गेलो, जसं आपण औषधाच्या बाटलीवरचं वाचतो आणि पुढे जातो.

कनेरगाव नाक्याचे उकंडराव त्यांच्या मुलीची आणि एका मुलाची पत्रिका घेऊन आले तेव्हा मी स्वतः बटणं दाबली. मुलगी राजनंदिनी, हिंगोलीतच एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. मुलगा सेनगावचा विश्वंभर, त्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. दोघांनी एकमेकांना बघितलं होतं आणि मुलीनं घरी सांगून टाकलं होतं की आता आणखी कोणाला दाखवू नका. गुण जुळणं तेवढं राहिलं होतं.

चौकटीत अठरा आले.

उकंडरावांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. बाबा म्हणाले, काठावर आहेत, पण आहेत. उकंडराव म्हणाले की काठावरचं असलं तरी पाणी आपलंच. त्याच आठवड्यात सुपारी फुटली, तारीख ठरली, मंडपवाल्याला सांगून झालं.

इकडे सेनगावात विश्वंभरची आई सखुबाई स्वस्थ बसलेली नव्हती. एकुलता एक मुलगा, त्यात बाई हळद मोजून घेताना काट्याची सुई थांबेपर्यंत श्वास न घेणारी. तिनं त्यांच्या गावच्या जोशीबुवांकडून पत्रिका पुन्हा जुळवून घेतल्या. बुवांनी हातानं बेरीज केली. साडेसतरा.

सखुबाईनं निरोप पाठवला: अर्ध्यानं कमी हाय, म्हणजे कमी हाय. लग्न थांबवा.

उकंडराव दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या ओट्यावर. बसले नाहीत. त्यांनी छापलेला कागद बाबांसमोर धरला आणि म्हणाले, "पंत, तुमची मशीन अठरा म्हणली व्हती. मी पाहुण्यात तोंड दाखवू कसं?"

बाबांनी चष्मा लावला, पंचांग उघडलं आणि फार दिवसांनी हातानं बेरीज केली. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. बोटं साडेसतराशी थांबली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि फक्त म्हणाले, बघ जरा.

दुरुस्ती करणं अवघड नव्हतं. पण उकंडराव आता माझ्या खांद्यामागे उभे होते, आणि खांद्यामागे मुलीचा बाप उभा असताना कोड लिहून बघा म्हणजे कळेल.

माझा पहिला विचार असा, की बेरजेवर राउंड लावला तिथे चूक झाली. तो आधी, प्रत्येक गुणावर वेगवेगळा लावायला हवा होता. लावला. पण या जोडप्याच्या तीन गोष्टींत अर्धा अर्धा होता. तिन्ही अर्धे वर चढले आणि पडद्यावर एकोणीस आले.

"वाढले," उकंडराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती. ती मला सहन झाली नाही.

मी राउंड काढून फ्लोअर लिहिला. फ्लोअर म्हणजे दशांशाच्या पुढचं कापून टाकणारा. आता तिन्ही अर्धे खाली पडले. सोळा.

उकंडराव खुर्ची ओढून बसले.

तेव्हा मला आठवलं की राउंडलाच सांगता येतं, बाबा रे, एक दशांश स्थळ राहू दे. फ्लोअर काढून बेरजेवर पुन्हा राउंड लावायचा, कंसात संख्येनंतर स्वल्पविराम द्यायचा आणि एक लिहायचा. मी लिहिलं. पण घाईत कंस आधी मिटवला आणि स्वल्पविराम आणि एक बाहेर राहिले. पीएचपीला त्यात काही चूक वाटली नाही. तिला वाटलं, या माणसाला आधी अठरा छापायचे आहेत आणि त्याला चिकटून एक छापायचा आहे. ज्याची जशी इच्छा! गणपतीखालच्या चौकटीत अत्यंत सुबक अक्षरांत उमटलं: १८१.

उकंडराव खुर्चीतून पडद्याकडे वाकले.

"हे छत्तीसपैकीच ना?" उकंडरावांनी विचारलं.

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. उकंडराव उठले, चपला घातल्या आणि पायरीवरून माझ्याकडे वळून म्हणाले, "वसमतच्या बाजारात हळदीचा भाव बी एका सकाळी इतका खालवर होत न्हाई, अद्वैतभाऊ."

त्या दुपारी मी मराठी प्रोग्रॅमरांच्या एका ग्रुपवर प्रश्न टाकला. नेमका टाकला: साडेसतरा ही संख्या पूर्णांकात कशी न्यावी? एकानं उत्तर दिलं की ते अर्ध्याचं तुम्हाला काय करायचंय यावर अवलंबून आहे. पीएचपीत अर्ध्यासाठी चार पर्याय आहेत: वर न्या, खाली न्या, जवळच्या सम संख्येकडे न्या, जवळच्या विषम संख्येकडे न्या. मी चारही चालवून पाहिले. वर नेलं तर अठरा, समाकडे नेलं तर अठरा. खाली नेलं तर सतरा, विषमाकडे नेलं तर सतरा. दोन मतं लग्न करा म्हणणारी, दोन मोडा म्हणणारी. ज्यांनी ही भाषा बनवली त्यांनी निर्णय माझ्यावर सोडला होता. मी ग्रुपवर लिहिलं की ही एका मुलीच्या लग्नाची गोष्ट आहे. त्यानंतर कोडबद्दल कोणीच बोललं नाही. तिघांनी विचारलं, मुलगा काय करतो.

संध्याकाळी राजनंदिनी स्वतः आली. लॅबमधून सुटून थेट आली होती, पिशवीतून पांढरा कोट डोकावत होता. आईनं तिला आत बसवलं, पाणी दिलं. ती चिडून बोलेल असं मला वाटलं होतं आणि त्यासाठी मी मनात उत्तरं तयार केली होती. ती चिडली नाही. तिनं सगळं नीट विचारून घेतलं: राउंड म्हणजे काय, कुठे लावला, काहून लावला. मी चौकटीचं सांगितलं. दशांशचिन्ह रेघेवर यायचं हे सांगितलं.

ती चौकटीकडे बघत राहिली.

"म्हणजे चौकट मोठी काढली असती तर मी आधीच न्हाई म्हणून मोकळी झाले असते," ती म्हणाली. "सुपारी फुटायच्या आधी. आता पोरगं रोज फोन करून राहिलं, आणि मी उचलून राहिले. हे कुठं राउंड करू, दादा?"

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्यासाठी चहा टाकायला गेली.

बाबांनी शेवटी दोन्ही घरांना रविवारी बोलावलं. म्हणाले, चूक आमच्या घरातून गेली, ती आमच्याच ओट्यावर निस्तरेल. सखुबाई आल्या, मागे विश्वंभर आला. तो एका खांबाला टेकून उभा राहिला आणि राजनंदिनी दुसऱ्या खांबाला. उकंडराव मधे. बाबांनी मला सगळ्यांसमोर काय झालं ते सांगायला लावलं. मी सांगितलं. मग राउंड पुसला, चौकट मोठी केली आणि बटण दाबलं. कागद बाहेर आला. १७.५.

सखुबाईंनी तो वाचला नाही, कारण त्यांना अंक माहीत होताच. त्या बाबांना म्हणाल्या, "माझं वैर न्हाई महाराज. पोरगी सोन्यासारखी हाय. पण एकच लेकरू हाय मला. उद्या काही कमीजास्त झालं तर तो अर्धा मला झोपू द्यायचा न्हाई."

हे त्या इतकं साधं बोलल्या की कोणाला वाद घालता येईना. उकंडराव मान खाली घालून बसले. विश्वंभर खांबाचा पोपडा नखानं काढायला लागला. बाबा अधूनमधून पंचांगाची पानं उलटत होते, पण वाचत नव्हते.

आता खरं म्हणजे माझं काम संपलं होतं. उत्तर बरोबर होतं. पण आम्हाला प्रयोगशाळेत शिकवलेलं असतं की यंत्र दुरुस्त केल्यावर आत काय घातलं तेही एकदा वाचून खात्री करायची. मी ते केलं. ओट्यावरची ती शांतता मला सोसत नव्हती, हेही एक कारण. मी मोठ्यानं वाचलं: मुलाचा जन्म एक जून, सकाळी सहा, सेनगाव. बरोबर?

"कोणाचा?" सखुबाई म्हणाल्या.

"विश्वंभरचा."

"तो कुठला एक जूनचा! तो पोळ्याचा हाय."

बाबांचं पान उलटणं थांबलं.

सखुबाईंना यात विशेष काही वाटलं नव्हतं. त्यांनी सावकाश सांगितलं. पोळ्याचा दुसरा दिवस होता, बैलांच्या शिंगांचे बेगड अजून निघाले नव्हते, आणि दिवेलागणीला पोरगं झालं. साल त्यांना पक्कं माहीत होतं, कारण त्याच साली धाकट्या दिराचं लग्न झालं. एक जून गुरुजींनी लिहिला. शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी वर्गातल्या सगळ्याच पोरांना एक जून दिला, म्हणजे पहिलीत बसायला वय बराबर भरतं. सकाळचे सहा कोणी लिहिले ते त्यांना माहीत नव्हतं. जोशीबुवांनी पत्रिका करायला जन्मतारीख मागितली, म्हणून त्यांनी शाळेचा दाखला नेऊन दिला.

"पण तुम्ही पोळा सांगितला नाहीत?" मी विचारलं.

"जन्मला कधी हे कोणी विचारलंच न्हाई," सखुबाई म्हणाल्या. "सगळे जन्मतारीखच मागतेत."

उकंडरावांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कसला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दोन गावांतल्या दोन जोशांनी आणि एका संगणकानं ज्या अर्ध्या गुणासाठी एक लग्न टांगून ठेवलं होतं, तो अर्धा गुण एका गुरुजींच्या हजेरीपटातून निघालेला होता.

बाबा आतून जुन्या पंचांगांचा गठ्ठा घेऊन आले. त्या सालचा पोळा सापडला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख निघाली. मी मुलाची तारीख खोडून नवी टाकली, सकाळच्या सहाच्या जागी दिवेलागणीची वेळ घातली. बटण दाबायला हात पुढे गेला तेव्हा ओट्यावर विश्वंभरच्या नखाचासुद्धा आवाज नव्हता.

२६.५.

बाबांनी हातानं मांडून पाहिलं. साडेसव्वीस. त्यांनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, उत्तम. सखुबाईंनी डोळे पुसले. आईनं आतून गूळ आणला. राजनंदिनी खांब सोडून चार पावलं पुढे आली.

आणि सखुबाई म्हणाल्या, "साडे काहून, महाराज? सत्तावीस लिहून टाका की. शुभ कामात अर्धं बरं दिसत न्हाई."

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं आणि राउंड पुन्हा लिहिला.

छापायच्या आधी माझी नजर दुसऱ्या ओळीवर गेली. तिथे मुलीची माहिती होती. राजनंदिनी उकंडराव, कनेरगाव नाका, एक जून, पहाटे चार वाजून सतरा मिनिटं.

एक जून.

इतके दिवस ती तारीख माझ्यासमोर होती. म्हणजे मुलीचीसुद्धा गुरुजींचीच तारीख. म्हणजे साडेसव्वीसही खोटे. खरा आकडा कोणालाच माहीत नाही, दहा असेल, तीस असेल. मला फक्त विचारायचं होतं: आणि मुलीचा जन्म नक्की कधीचा? एवढं एकच वाक्य. ते विचारल्याशिवाय मी आयुष्यात कधी राहिलो नव्हतो. दहावीत पेपर वाटणाऱ्या सरांनाही मी प्रश्नातली चूक दाखवली होती.

मी वर पाहिलं. राजनंदिनी माझ्याकडेच बघत होती. तिनं अगदी हळू मान हलवली आणि म्हणाली, "दादा, पाणी प्या."

तिला माहीत होतं! ती मला विनवत होती. मी तिचा निरोप समजलो. पाणी प्यालो, ते वाक्य पाण्याबरोबर गिळलं आणि छापायचं बटण दाबलं.

पुढचे दिवस मी फार ओझ्याखाली काढले. सत्य की माणसाचं सुख, या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी विचार केला असेल, पण त्यांच्यापैकी कोणाला प्रिंटरसमोर उभं राहून ठरवावं लागलं नसेल. माझं जेवण कमी झालं. आईला वाटलं कावीळ आहे. मी काही बोललो नाही. काही गोष्टी माणसानं एकट्यानं वाहायच्या असतात, असं मी वहीत लिहिलंही.

लग्न कनेरगाव नाक्याला झालं, एका धाब्याच्या मागच्या मोकळ्या शेतात, सोयाबीन काढून झालेल्या रानावर मंडप टाकून. वरात उशिरा आली, बुंदी लवकर संपली, सगळं रीतसर झालं. आहेर द्यायला मी स्टेजवर गेलो. विश्वंभरला कोणीतरी मिठी मारत होतं, तेवढ्यात मी नवरीकडे वाकलो. हे तिला कळायला हवं होतं, म्हणजे निदान दोघांत तरी ओझं वाटून जाईल.

"तुमचीही तारीख एक जूनच होती," मी हळूच म्हणालो. "मी कोणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही."

राजनंदिनीनं मुंडावळ्या बाजूला केल्या. "काहून सांगायचं न्हाई?"

"गुरुजींची ना ती तारीख."

"कोणते गुरुजी? मी एक जूनचीच हाय, दादा. हिंगोलीच्या दवाखान्यात झाले, कागद हाय घरी. दर साली लॅबमध्ये केक कापतेत."

मला त्या दिवशीचं आठवलं. "पण तुम्ही मला खूण केली. पाणी प्या म्हणालात."

"तुमचा रंग उतरला व्हता. मला वाटलं, बिपी लो होऊन राहिला." मग ती थांबली. तपासनीस बाई ती, शेवटचा मुद्दा सोडेल कशी. "आणि वेळ वाचली न्हाई का तुमी? चार सतरा. गुरुजी कधी मिनटं लिहून राहिले का?"

एवढ्यात फोटोग्राफर ओरडला की सगळ्यांनी इकडे बघा आणि हसा.

तो फोटो अल्बममध्ये आहे. नवरा हसतोय. नवरी तर इतकी हसतेय की एका हातानं तिनं मुंडावळ्या सावरल्या आहेत. कडेला जो गृहस्थ कॅमेऱ्याकडे न बघता बोटांवर काहीतरी मोजतोय, त्याच्याबद्दल सेनगावकडची मंडळी अजून विचारतात की हा मंडपवाल्याचा माणूस का.